एकोणीस डब्या, एक पोट

१

एकोणीस बायकांच्या एकोणीस डब्या, आणि आतला ऐवज सगळा एकाच पोटातला.

संशोधन करणाऱ्या डॉक्टरबाईंनी हे सांगितलं तेव्हा मोठ्या सिस्टर कपात चहा ओतत होत्या. चहा बशीत सांडला, पण त्यांनी तो पुसला नाही. गर्भवतींच्या तपासणी विभागात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. वजनकाट्यापासून वेळापत्रकापर्यंत तिथलं सगळं त्यांच्या शिस्तीनं चालायचं. अशी फसवणूक आपल्या नाकाखाली होईल, हे त्यांना पटेना.

डॉक्टरबाई दोन वर्षं एकाच प्रश्नामागे होत्या. गरोदरपणात काही बायकांचा रक्तदाब एकाएकी चढतो, तोंड-पाय सुजतात, झटके येतात. कधी आई जाते, कधी बाळ, कधी दोघंही. याचं मूळ आतड्यातल्या जिवाणूंत तर नसेल? पोटात जिवाणूंची मोठी वस्ती असते. त्यातले काही चोथ्यावर जगतात आणि त्या बदल्यात शरीराला उपयोगी असं काही बनवून देतात. ते कमी झाले की रक्तवाहिन्या आवळतात, असा त्यांचा कयास होता. ते तपासायला नाव नोंदवलेली प्रत्येक बाई महिन्यातून एकदा सकाळच्या शौचाचा नखाएवढा नमुना डबीत घालून आणून द्यायची.

"कोणीतरी आळशीपणानं आपलंच भरून दिलं असेल," सिस्टर म्हणाल्या. "शोधून काढते आणि चांगली खरडपट्टी काढते."

"खरडपट्टी नंतर काढा. आधी पुढचं ऐका." डॉक्टरबाईंनी कागद सरकवला. डब्या चार महिन्यांत थोड्या थोड्या करून आल्या होत्या. तारखांप्रमाणे लावल्या तर ते पोट बदलत गेलेलं दिसत होतं, जसं दिवस भरत येणाऱ्या बाईचं बदलतं तसंच. आणि शेवटच्या चार डब्यांत चोथ्यावर जगणारे जिवाणू जवळजवळ दिसेनासे झाले होते.

"शपथेवर सांगणार नाही. हे शास्त्र अजून कच्चं आहे. पण ज्यांचा दाब पुढे भडकला त्या बायकांचे नमुने असेच होते. ही बाई गरोदर आहे, सातव्या महिन्याच्या आसपास. ती सापडायला हवी, सिस्टर."

सिस्टरांनी त्या एकोणीस जणींची कार्डं तिथल्या तिथे काढून आणली. एकेकीचा दाब बघितला. सगळे नीट होते. त्यातल्या सहा जणी तर बाळंत होऊन घरीही गेल्या होत्या.

म्हणजे ती या एकोणिसांतली नव्हती. ती विसावी होती.

२

नमुने प्रयोगशाळेत उघडायचं काम काकांचं. काकांना हातमोजे घातल्याशिवाय कोणी बघितलेलं नव्हतं. त्यांची एक जाडजूड नोंदवही होती आणि तिच्यावर त्यांचा जीव होता. डबीची तारीख, वेळ, घट्ट की पातळ, रंग कोणता, सगळं त्यात.

"लोक फुलांचे रंग लिहितात," ते म्हणाले, "माझ्या नशिबी हे आलं. पण चूक सापडायची नाही."

सिस्टरांनी रंगांचा रकाना वाचायला घेतला. काळसर, काळा, काळपट हिरवा, काळा. पानामागून पान तेच. अधूनमधून मात्र एक नोंद वेगळी होती: पिवळट तपकिरी. त्यांनी त्या मोजल्या. एकोणीस भरल्या.

काकांना यात काही विशेष वाटलं नव्हतं. सिस्टरांना वाटलं. तपासणीला येणाऱ्या प्रत्येक बाईला पहिल्याच दिवशी लोहाच्या गोळ्या मिळतात आणि त्या घेतल्या की शौच काळं होतं. दर सोमवारी नव्या बायकांना त्या स्वतःच सांगायच्या, घाबरू नका, गोळ्यांमुळे आहे म्हणून. ज्या बाईचं काळं नाही ती गोळ्या घेत नाही. एखादी कंटाळा करते, पण चार महिन्यांत एकदाही नाही म्हणजे तिला गोळ्या मिळालेल्याच नाहीत. तिचं कार्ड नाही. या गावात ती गरोदर आहे हे कोणाच्याच कागदावर नाही, तेव्हा तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधणारंही कोणी नाही.

"अजून काही आठवतं का, काका?"

काका जरा लाजले. म्हणाले, ह्या डब्या उघडायला मला बरं वाटायचं. बाकीच्या बायका झाकणावरची चिकटपट्टी अशी दाबून बसवतात की ती उकरताना हातमोजे फाटतात. ह्या डब्यांवर पट्टीचं टोक नेमकं आत दुमडलेलं असायचं. चिमटीत धरलं की सरळ निघायचं. एकदा मनात आलं होतं, ही कोण शहाणी, तिला भेटून शाबासकी द्यावी.

सिस्टरांनी शीतपेटीतून एक डबी काढायला लावली. टोक दुमडलेलं होतं, तिरकं, करंगळीच्या नखाएवढं. त्या बघतच राहिल्या. अशी घडी घालायला त्याच शिकवायच्या. हाताखाली येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्या दिवशी, ड्रेसिंगची पट्टी हातात देऊन.

ती विसावी बाई त्यांच्याच हाताखाली तयार झालेली होती.

३

डब्या खिडकीवर जमा व्हायच्या. खिडकीवर बसणारी मुलगी कार्यालयातून आलेली. तिला पट्टीची घडी कोणी शिकवलेली नव्हती. पण डब्या तिच्या हातून गेल्या होत्या आणि गेले काही महिने ती अंगापेक्षा दुप्पट सैल कपडे घालत होती. सिस्टरांनी आडपडदा ठेवला नाही. दार लावून सरळ विचारलं, तुला दिवस गेलेत का?

मुलगी आधी हसली. मग तिचे डोळे भरले.

"सहा वर्षं झाली लग्नाला, सिस्टर. रोज दीडशे पोटं बघते या खिडकीतून. माझं असतं तर घट्ट कपडे घालून गावभर हिंडले असते."

सिस्टरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग डब्यांबद्दल विचारलं. तिनं ओढणीनं डोळे पुसले. मग सांगू लागली. काही बायका रिकाम्या हातांनी यायच्या. गोळ्यांनी पोट घट्ट झालेलं, चार चार दिवस साफ होत नाही, ठरल्या सकाळी कुठून आणणार? वजनकाट्याजवळच्या बाकावर रडकुंडीला येऊन बसायच्या. थोड्या वेळानं त्याच खिडकीशी यायच्या तेव्हा हातात भरलेली डबी असायची. ही पुढे 'घरून आणली' असं लिहून मोकळी व्हायची.

"विचारलं नाहीस?"

"विचारून काय करणार होते? डबी नसेल तर बाईचा नंबर सगळ्यांत शेवटी लावायचा, हा नियम आहे ना. अर्धा दिवस बसतात हो त्या, सुजलेले पाय घेऊन. एकीला बाकावरच चक्कर आली होती."

नियम कोणाचा, हे ती बोलली नाही. त्याची गरज नव्हती. भिंतीवरच्या पाटीवर खाली सिस्टरांचीच सही होती. डॉक्टरबाईंचे नमुने वेळेवर जमावेत म्हणून त्यांनी तो केला होता, आणि जमा होणाऱ्या डब्यांचा आकडा वाढला तेव्हा त्यांना बरंही वाटलं होतं.

आता राहिल्या दोघी. बाकाजवळ सकाळी वावरणाऱ्या आणि सिस्टरांच्या हाताखाली शिकलेल्या दोनच बायका होत्या. एक साफसफाई बघणाऱ्या मावशी. दुसरी वजन आणि रक्तदाब घेणारी कंत्राटी नर्स. तिला सगळे पारा म्हणायचे, कारण ती एका जागी ठरायची नाही. पारा गुरुवारपासून रजेवर होती, आईकडे जाते म्हणाली होती. तिच्या जागी वजनकाट्यावर सिस्टरच बसत होत्या.

त्या मावशींकडे वळल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत मावशींनी झाडू भिंतीला टेकवला.

"शोधू नका, बाई," मावशी म्हणाल्या. "त्या डब्या माझ्या होत्या."

४

सिस्टर बाकावर बसल्या आणि मावशींनाही शेजारी बसवलं. दोघींची ओळख वीस वर्षांची. आठ वर्षांपूर्वी मावशींची पिशवी काढली तेव्हा रात्रंदिवस उशाशी सिस्टरच होत्या. एवढीच त्यांनी हळू आवाजात आठवण करून दिली. म्हणाल्या, डब्यांतली बाई गरोदर आहे, मावशी. तुम्ही कशा असाल?

मावशींना हे माहीत नव्हतं. डब्यांतून एवढं कळतं, अशी त्यांना कल्पनाच नव्हती. त्यांना वाटलं होतं, फार तर कोणाची तरी नोकरी जाईल, तर आपली जाऊ दे, आपल्या निवृत्तीला दोनच महिने उरलेत.

"कोणासाठी खोटं बोलताय?"

"शब्द दिलाय."

"तिचा दाब चढत असेल, मावशी. शब्द पाळाल आणि बाई जाईल."

मावशींची नजर क्षणभर समोरच्या टेबलाकडे गेली आणि परत आली. टेबलावर रक्तदाबाचं यंत्र होतं. बाजूला नोंदवही.

पारा? सिस्टरांना पटेना. सडपातळ मुलगी, अंगावर दोन मापं मोठा एप्रन, दिवसभर या बाईकडून त्या बाईकडे. रोज शंभर दंडांना पट्टा बांधणाऱ्या मुलीला स्वतःचाही दंड असेल, हे कोणाच्या मनात येणार? आणि समजा असलंच तसं, तर तिला स्वतःचा आकडा कळल्याशिवाय राहील का?

मग त्यांना आठवलं की तो कळायची सोय आपणच करून ठेवलीय.

पाऱ्याच्या नळीची यंत्रं होती तेव्हापासूनचा त्यांचा दंडक होता. सकाळी पहिला पट्टा नर्सनं स्वतःच्या दंडाला बांधायचा, यंत्र चालतंय याची खात्री करायची, आकडा लिहायचा. रोजच्या पानावर पहिली ओळ त्याचीच: यंत्र तपासणी. महिन्यातून एकदा सिस्टर त्या ओळींवर सही करायच्या.

त्यांनी वही ओढली आणि चार महिने मागे गेल्या.

५

एकशे दहा, सत्तर. पुढे कित्येक पानं तेच. मग एकशे सोळा, चौऱ्याहत्तर. एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी. अक्षर गोल, नीटस, कुठे खाडाखोड नाही. मुलगी रोज सकाळी बसून आपला चढता दाब आपल्या हातानं लिहीत होती आणि पुढच्या ओळीपासून दुसऱ्या बायकांचा.

एकशे अठ्ठेचाळीस, शहाण्णव. त्या पानावर लाल शाईत शेरा होता. अक्षर सिस्टरांचं होतं.

'यंत्र जास्त दाखवते. बदलून घ्यावे.'

त्याच पानावर खाली चौऱ्याण्णव बायकांचे आकडे होते, त्याच यंत्रावर घेतलेले. एकशे दहा, एकशे चौदा, एकशे आठ. यंत्र बिघडलेलं असतं तर त्या सगळ्यांचे वर गेले नसते का? बोट चार ओळी खाली सरकवलं असतं तरी कळलं असतं. सिस्टरांनी सरकवलं नव्हतं. त्या ओळीचं नाव यंत्र तपासणी होतं, म्हणून त्यांना तिथे यंत्रच दिसलं. दंड दिसला नाही.

नवं यंत्र आलं. पाराची पहिली ओळ: एकशे पन्नास, अठ्ठ्याण्णव. त्याच्यापुढे पुन्हा लाल शाई. 'नवेही सदोष. परत पाठवावे.'

बुधवारची ओळ शेवटची. एकशे साठ, एकशे सहा. गुरुवारपासून सिस्टरांचं स्वतःचं अक्षर, आणि स्वतःचा दाब, चांगला.

आता सगळं जागच्या जागी बसलं. कंत्राटावरच्या ज्या नर्सला दिवस जातात तिचं कंत्राट पुढे चालवत नाहीत. मागे दोघी अशाच गेल्या होत्या. पाराचं कंत्राट या महिनाअखेर संपत होतं. सही होईपर्यंत पोट लपवायचं म्हणून तिनं कार्ड काढलं नाही, म्हणून गोळ्या नाहीत. आणि बाकावर रडणाऱ्या बायकांची तिला दया आली. एकीला दिली, मग दुसरीला, मग तो नेमच झाला. त्या डब्यांवर शिकवल्यासारखी घडी घालायलाही ती विसरली नाही.

सिस्टर उठल्या. मावशींना एवढंच विचारलं की ती खरंच आईकडे गेलीय का.

मावशी रडायला लागल्या. म्हणाल्या, नाही बाई. खोलीवरच आहे. डोकं फार दुखतं म्हणाली, आठ दिवस कोणाला सांगू नका म्हणाली.

६

भर दुपारी खोलीच्या खिडकीवर चादर टांगलेली होती. उजेड सोसत नव्हता. पारा डोळ्यांवर ओला टॉवेल घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती. पाय उशीसारखे फुगलेले. सिस्टरांचा आवाज ऐकून तिनं उठायचा प्रयत्न केला आणि पडल्यापडल्याच म्हणाली, बसा ना, खुर्चीवरचे कपडे काढते.

सिस्टरांनी तिच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा खरा वाटेना, म्हणून पुन्हा मोजलं. एकशे नव्वद, एकशे वीस.

"किती?" पारानं विचारलं.

"जास्त आहे. उठू नकोस. गाडी येतेय."

"कंत्राटाचं?"

"ते मी बघते."

"डब्यांचं कळलं ना? त्या बायकांवर रागवू नका. मीच द्यायचे. माझ्याकडे तेवढं एकच होतं देण्यासारखं." ती हसली. मग म्हणाली, डोळ्यांपुढे सारख्या ठिणग्या उडतायत.

गाडी रुग्णालयाच्या फाटकातून आत वळत होती तेव्हा पहिला झटका आला. सिस्टरांनी तिला कुशीवर वळवून डोकं धरून ठेवलं. दुसरा झटका लिफ्टमध्ये आला. डॉक्टरांनी जेवढं करता येतं तेवढं सगळं केलं आणि वेळ न घालवता केलं. बाळ काढलं, मुलगी होती; ती रडली नाही. पारा तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मधल्या वेळात ती शुद्धीवर आली नाही.

डॉक्टरबाई दोन्ही दिवस येऊन दाराशी उभ्या राहायच्या आणि परत जायच्या. जाताना एकदा सिस्टरांना म्हणाल्या, चार महिन्यांत एका बाईचे एकोणीस नमुने, एवढी सलग नोंद कुठेच नाही. पण तिची संमतीची सही नाही. सगळं नष्ट करावं लागेल.



७

पाराची आई त्याच दुपारी पोचली. बाई उंच होती, दोन दिवसांच्या प्रवासानं चुरगळलेली. तिनं शवागारात जाऊन मुलीला बघितलं, नातीला बघितलं, आणि मग विचारत विचारत तपासणी विभागात आली. तपासणीला आलेल्या बायका घरी गेल्या होत्या. सिस्टर एकट्याच होत्या. आई समोर उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात जोडले.

सिस्टरांना वाटलं, हिला कोणीतरी चुकीचं सांगितलंय. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं. आई पाणी प्याली नाही. ग्लास धरून बोलत राहिली. मुलगी फोनवर बाकी काही सांगायची नाही, पण सिस्टरांबद्दल नेहमी बोलायची. दाब चढायला लागला तेव्हा आई घाबरली होती, म्हणाली होती, जाऊ दे ती नोकरी, सांगून टाक. तर पोरगी म्हणाली, सिस्टरना कळलंय गं आई. मी रोज लिहिते, त्या वाचून सही करतात. त्यांनी सगळं यंत्रावर ढकलून मला झाकून घेतलंय. त्यांच्यासारखं बायकांचं पोट कोणाला कळत नाही. खरंच धोका असता तर त्यांनी मला एक दिवस उभं राहू दिलं असतं का?

"म्हणून मीही निर्धास्त होते," आई म्हणाली. "तुम्ही एवढं केलंत तिच्यासाठी. मग हे झालं कसं? कोणाची चूक झाली? तुम्ही सगळ्या चौकशा केल्यात म्हणे. मला नीट सांगा. मला कोणाशी भांडायचं नाही. घरी गेल्यावर माणसं विचारतील, मला उत्तर लागेल."

आईनं ग्लास खाली ठेवला आणि तिचे हात पुन्हा जोडले जायला लागले. सिस्टरांनी ते मधेच धरले, खाली घेतले, आणि आपल्या हातांत तसेच धरून ठेवले, कारण पुढचं ऐकल्यावर ती ते काढून घेणार होती.

"मला कळलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तिनं लिहिलं होतं. मी वाचलं नाही."